खिशातला ठोका

बाबांचे पाय पहिल्यांदा अडकले ते स्वयंपाकघराच्या दारात. हातात रिकामा कप, धड पुढे झुकलेलं, आणि पावलं मात्र खळ लावून फरशीला चिकटवल्यासारखी. मागून आत्या म्हणाली, "दादा, सरक ना, दूध उतू जातंय." दादा सरकला नाही. दूध उतू गेलं. आत्या दोन शब्द सुनावायला बाजूनं पुढे आली आणि भावाचा चेहरा बघून तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.

कंपवात असल्याचं दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. हाताची थरथर घराच्या अंगवळणी पडली होती. बाबांची पस्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर गेलेली. "मशीनची थरथर अंगात उतरलीय, दुसरं काही नाही," असा विनोद ते स्वतःच करायचे. पाय अडकण्यावर मात्र त्यांना विनोद सुचला नाही.

व्यायाम शिकवायला फिजिओ यायची. वयानं लहान, बोलायला फटकळ. तिनं त्यांना दारातून चारदा चालवून पाहिलं. "काका, पाय ठणठणीत आहेत. त्यांना हुकूम पोचत नाही. बाहेरून ठेका मिळाला तर बऱ्याच जणांचं पाऊल उचलतं. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी ठोके धरू." आणि तिनं फोनवर टिकटिक लावून दिली. बाबा चालले. दारातूनही गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, "बंद करा ते. नळ गळतोय असं वाटतं. मी नळाच्या मागे मागे फिरणार नाही."

"थांबा, मी बनवते काहीतरी," मुलगी म्हणाली.

घरात तिला चुळबुळ म्हणत. लहानपणी जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा, आणि चौतिसाव्या वर्षीही त्यात फरक पडला नव्हता. ती दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून लोकांना वेळा द्यायची आणि जेवणाच्या सुट्टीत, हेडफोन लावून, फोनवर सुरावटी जुळवायची. ढोलक, पियानो, कसलेकसले खडखडाट, सगळं त्या एका फोनमध्ये. त्या सुरावटी आजवर कुणाच्या उपयोगी पडल्या नव्हत्या. आता पहिल्यांदाच कुणाला तरी त्यातली एक हवी होती.

चार दिवसांत तिनं सुरावट उभी केली. पावलाला एक जाड, खोल ठोका. त्याच्यासोबत लाकडावर लाकूड आपटल्यासारखा एक टणक आवाज. वर पियानोची लांब, सैल चाल. हेडफोनमध्ये ते इतकं छान वाजलं, की तिचे स्वतःचेच पाय टेबलाखाली चालायला लागले.

मग ते बाबांच्या सदऱ्याच्या खिशातल्या छोट्या स्पीकरवर लावलं आणि सगळं मुसळ केरात. जाड ठोका नाहीसाच झाला. त्या काडेपेटीएवढ्या डबीतून तो बाहेर पडणार तरी कसा? उरला पियानो, आणि पियानोखाली दबलेला लाकडाचा आवाज. बाबा पाच पावलं चालले आणि थांबले. "गाणं बरं आहे. पण पाय कुठे टाकायचा ते सांगत नाही."

हे दुरुस्त करायला काय लागतं ते तिला ठाऊक होतं. कॉम्प्रेसर म्हणजे मोठा झालेला आवाज दाबून आवरणारं साधन. पण संपूर्ण सुरावटीला एकच कॉम्प्रेसर लावला, की प्रत्येक जाड ठोक्याबरोबर सगळंच दबायचं आणि परत वर यायचं, दमेकऱ्याच्या छातीसारखं. हवा होता मल्टिबँड कॉम्प्रेसर. तो आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे थर वेगळे करतो आणि ज्याला त्याला हवा तेवढाच दाब देतो. फोनवर चालणारी अशी ॲप किती असावीत म्हणून तिनं शोधलं, आणि तिथेच तिची झोप उडाली.

एक उतरवून घ्यावं तोवर दुसऱ्याची स्तुती वाचायला मिळायची. एकात पाच थर, त्यांचे रंगीत डोंगर पडद्यावर वरखाली व्हायचे, बघत राहावंसं वाटायचं. पण दोन मिनिटांत फोन तव्यासारखा तापायचा. एकात तयार जुळण्या होत्या, बटण दाबलं की सगळं भरदार. एकाचा चेहरामोहरा जुन्या रेडिओसारखा, दाब दाखवणारा एकही आलेख नाही. ती एक लावायची, अर्धी सुरावट ऐकायची, काढून टाकायची, तेच परत उतरवायची. दवाखान्यात तिनं एका आजीबाईंना एकाच दिवशी दोन वेळा दिल्या, आणि दाढ काढायला आलेल्या माणसाला विचारलं, "खालचा थर की मधला?" तो गाल धरून म्हणाला, "खालची. उजवीकडची."

इकडे बाबांचे केस कॉलरवर आले होते. समोरच्या फुटपाथवर, रस्ता ओलांडला की सलून. वीस वर्षं बाबा तिथेच जात. आत्या म्हणाली, "सलूनवाल्याला घरी बोलावू या की." बाबा उसळलेच. "न्हावी घरी येतो तो अंथरुणाला खिळलेल्याकडे. मी माझ्या पायांनी जाईन नाहीतर जटा वाढवीन."

"जटांसाठी डोक्यावर केस लागतात, दादा," आत्या म्हणाली.

शनिवारी दुपारी दवाखाना लवकर सुटला. चुळबुळनं त्या दिवशीच्या आवडत्या ॲपमधून सुरावट काढून फोनमध्ये साठवली. ते ॲप तिनं अजून विकत घेतलं नव्हतं, नुसतं चाखून बघायला उतरवलेलं होतं. साठवलेली सुरावट तिनं शेवटपर्यंत ऐकलीही नाही, कारण तोवर तिला आणखी एका ॲपबद्दल वाचायचं होतं. बाबांना मात्र म्हणाली, "चला, सलूनला जाऊ."

जिना उतरेपर्यंत सगळं झकास. फाटकातून बाबा बाहेर पडले तेव्हा त्यांनी तिचा हातही सोडला होता. गाड्या थांबल्या, दोघं रस्त्यात उतरली, निम्मा रस्ता पार झाला, आणि खिशातला आवाज बंद पडला.

एकच सेकंद. चाखायला दिलेल्या ॲपची ती खोड होती: दर काही मिनिटांनी, साठवलेल्या सुरावटीतही, आवाज क्षणभर गप्प करायचा. सुरावट पुढच्या क्षणी पुन्हा सुरूही झाली. पण बाबांच्या पायांना तो एक सेकंद पुरला. ते जागच्या जागी रुतले. धड पुढे गेलं, ते पडता पडता तिनं दंड धरला. सिग्नल बदलला. मागून हॉर्न सुरू झाले. एका टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काका, इथेच मुक्काम का?" आणि चुळबुळनं काय करावं? एका हातानं बापाला धरून दुसऱ्या हातानं फोन काढला आणि ती पडद्यावर बोट फिरवत बसली.

तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, आत्याचा आवाज आला. आत्या बत्तीस वर्षं शाळेत कवायत घेत होती. "दादा! डावा पाय! एक-दोन! एक-दोन! अगं, फोन खिशात घाल आधी! एक-दोन!"

अख्खा रस्ता वर बघायला लागला. बाबांचा डावा पाय उचलला. मग उजवा. पण पावलं वळली ती सलूनकडे नाही, घराकडे. वर आल्यावर स्पीकर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "छापता छापता मशीन मधेच बंद करणाऱ्याला आम्ही दाराबाहेर उभा करायचो."

"मला माहीत नव्हतं बाबा, ते ॲप..."

"तू ऐकलं होतंस का पूर्ण?"

"नाही," ती म्हणाली.

"तुझी नजर बोटांवर," आत्या शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलली की जास्त लागायचं. "मग त्याचे पाय कुणी बघायचे?"

नऊ दिवस बाबा घराबाहेर पडले नाहीत. फिजिओ आली की तेवढं चालायचे, एरवी खिडकीपाशी खुर्चीत. चुळबुळ दवाखान्यातून आली की त्यांच्याकडे न बघता आत जायची. रागावून तिनं सगळी ॲप काढून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सगळी परत उतरवली. हात स्वस्थ बसत नव्हते. खरं सांगायचं तर ॲप शोधण्यात तिला एक आडोसा मिळाला होता. ॲप शोधत असताना बापाला दारात अडकलेलं बघावं लागत नव्हतं, आणि तरी त्याच्यासाठीच काही करतोय असं म्हणता येत होतं. हे तिला कळलं ते आत्याच्या त्या प्रश्नामुळे, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी ती फोन घेऊन बाबांसमोर स्टुलावर बसली. "रागवा हवं तर. पण मला सांगा, लाकडाचा आवाज ऐकू येतो का?"

बाबांनी मान खिडकीकडून तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "येतो. पण पेटीखालून. पियानो की काय ते, त्याच्याखालून."

"मी लाकडाचा आवाज वाढवला तर तो टोचतो."

"सगळा वाढवलास तर टोचणारच. पानावर एखादा शब्द फिका उठला, तर आम्ही काय सगळ्या पानाचा दाब वाढवायचो? बाकीची अक्षरं कागद फाडून पलीकडे जातील. त्या शब्दापुरता पातळ कागदाचा तुकडा खाली चिकटवायचा. टिकलीएवढा. आणि बघायचं. नाही उठला तर आणखी एक." थरथरत्या बोटांनी त्यांनी हवेत तुकडा चिकटवून दाखवला. "याला घाई चालत नाही, चुळबुळे. माझा हात त्यात बसायला सहा वर्षं गेली."

रविवारी सकाळी तिनं तीन ॲप ठेवली, बाकीची पुसली. तिन्हींमधून तीच सुरावट काढली, मधेच गप्प होण्याच्या जागा कापून टाकल्या, या वेळी प्रत्येक अथपासून इतिपर्यंत ऐकली, आणि कुठली कुठल्या ॲपची हे कुणालाच सांगितलं नाही. बाबांनी स्पीकर खिशात ठेवला. आत्या पाटी-पेन्सिल घेऊन दाराशी बसली, पावलं मोजायला. आणि चुळबुळ पहिल्यांदाच हेडफोन न लावता जमिनीवर बसली आणि नुसते पाय बघत राहिली.

पहिली सुरावट डोंगरवाल्या ॲपची. बावीस पावलं झाली, पण वळताना पाय घुटमळले. दुसरी तयार जुळणीची. त्यात प्रत्येक ठोका असा आदळला की बाबा दचकले. "कोण ढकलतंय मागून? नको हे." तिसरी जुन्या रेडिओची. बाबा स्वयंपाकघराच्या दारातून गेले, परत आले, पुन्हा गेले. आत्या मोजता मोजता थांबली, कारण पाटी भरली.

"यात काय केलंस?" आत्यानं विचारलं.

त्या कुरूप ॲपमध्ये एक गोष्ट होती जी देखण्यांनी आपल्या हुशार बटणांमागे लपवली होती: प्रत्येक थरासाठी दाब किती उशिरा पडावा हे हातानं ठरवता यायचं. तिनं मधल्या थरात दाब किंचित उशिरा पडू दिला. त्यामुळे लाकडाचा पहिला टणक टोला मोकळा सुटायचा, आणि त्यामागून रेंगाळणारा पियानो दाबाखाली सापडायचा. खालचा जाड ठोका, तिचा सगळ्यात लाडका, तिनं जवळजवळ काढूनच टाकला. डबीतून तो ऐकूच येत नव्हता, उगाच डबी गुरगुरायची.

"टोल्याला पुढे जाऊ दिलं," ती म्हणाली, "आणि बाकीच्यांना थोडं धरून ठेवलं."

त्याच दिवशी तिनं ते ॲप रीतसर विकत घेतलं आणि सुरावट पुन्हा नव्यानं काढून तीनदा ऐकली. तरी मनाची तगमग होतीच. वरचा थर जरा कोरडा वाटतोय का? अजून थोडं...

"हात काढ," बाबा म्हणाले. "उठला शब्द. आता छापायचं."

मंगळवारी सकाळी अकराला, गर्दी कमी असताना, दोघं निघाली. गॅलरीत आत्या तयारीत उभी होती. रस्त्याच्या मध्यावर, जिथे पाय रुतले होते, ती जागा चुळबुळला डोळे मिटूनही सापडली असती. बाबांचं डावं पाऊल तिथे पडलं, उजवं पुढे गेलं. पलीकडच्या फुटपाथची पायरी चढताना ते क्षणभर अडले. तिनं फोनला हात लावला नाही, हाताचं कोपर पुढे केलं. ते धरून बाबा वर चढले.

सलूनवाल्यानं खुर्ची झटकली. "काका, किती दिवसांनी! मला वाटलं, पोरीकडूनच कातरून घेताय की काय."

"तिच्या हातात कात्री दिली तर ती एकच बाजू महिनाभर नीट करत बसेल," बाबा म्हणाले.

बाबांची मान हलत होती. सलूनवाल्याचा हात कात्रीसह हवेत थांबला. बाबांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. "घाबरू नकोस. कान दोन आहेत." तो हसला आणि मग खिशातल्या टोल्याच्या अंदाजानं, दोन ठोक्यांच्या मधे, एकेक कात्री मारू लागला. अर्धा तास लागला. कान दोन्ही शाबूत राहिले.

पुढे चार महिन्यांनी फिजिओनं ठेका अठ्ठ्याऐंशीवरून ऐंशीवर आणायला सांगितला. पावलं आखूड झाली होती. चुळबुळनं सुरावट संथ केली तेव्हा पियानो आणखी लांबला, पुन्हा टोल्यावर पसरला, आणि सगळे आकडे नव्यानं जुळवावे लागले. त्यात दोन रविवार गेले. बाबा दर वेळी न कुरकुरता दारातून ये-जा करत राहिले, आत्या पाटीवर रेघा मारत राहिली. अजून संथ करायची वेळ येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या रविवारी बाबा तिसऱ्या फेरीला थांबले आणि म्हणाले, "मधला जरा फिका उठतोय." चुळबुळनं फोन उचलला, आधी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. दिसतंय मला."