फुकटचा मुक्काम

मित्रांनो, तुम्ही मला भुताची गाडी म्हणता, हे मला ठाऊक आहे. खळ्याच्या मागे, करंजीच्या झाडाखाली मी उभी असते. माझी चाकं मातीत रुतली आहेत आणि बॉनेटवर कोंबड्या बसतात. तुमचा चेंडू माझ्याजवळ आला की तुमच्यातला एखादा धीट पुढे येतो, चेंडू उचलतो आणि मागे न बघता पळत सुटतो. माझ्या पोटात एक म्हातारी खोकते, असं तुम्ही एकमेकांना सांगता. मला त्याचा राग येत नाही. मलाही ती ऐकू येते. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

मी एक जुनी मॅटाडोर आहे. तरुणपणी मी नवेगाव बांधच्या तलावातली मासळी भरून गोंदियाच्या बाजारात न्यायची. त्या दिवसांबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. वास मात्र इतका होता की मी थांबले की चार मांजरी गोळा व्हायच्या. १९९९ साली सालेकशाजवळच्या या तुमच्या गावातल्या गुणवंता गुरुजींनी मला विकत घेतलं. ते तेव्हा शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. माझ्याबरोबर माझा ड्रायव्हर केवळरामही आला. तो नवेगाव बांधचा. दरवर्षी धान मळून झालं की गुरुजी त्याला निरोप पाठवायचे, आणि तो महिनाभर माझ्यासाठी येऊन राहायचा.

गुरुजींना माझं फिरतं घर करायचं होतं. गावातल्या सुकराम सुताराने मला आतून साफ केलं, दोन बाजूंना झोपायला दोन फळ्या बसवल्या, मध्ये स्टोव्हची पेटी आणि मागे पाण्याचा ड्रम. गुरुजींनी स्वतः काय केलं माहीत आहे? सायकलच्या जुन्या ट्यूब कापून त्यांच्या पट्ट्या काढल्या आणि माझ्या प्रत्येक दाराला, खिडकीला, फटीला चिकटवल्या. आठ दिवस ते तेच करत होते. शेवटी आत बसून त्यांनी दार लावलं, बाहेरून सुकरामला पंख्याने वारा घालायला लावलं आणि आतून ओरडले, "झुळूकबी येऊन नाही राहिली रे!" मलाही तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता ते आठवलं की माझा पत्रा गार पडतो.

गुरुजींचा एकच हट्ट होता. मुक्कामाला पैसा द्यायचा नाही. डिझेल लागतं, जेवण लागतं, पण नुसतं डोळे मिटण्याचं भाडं कसलं, असं ते म्हणायचे. गुरुजी पोवार समाजातले. त्यांचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून इकडे आलेले.

"आपले बापजादे बैलगाडीनं इतक्या दूर आले," ते बायकोला सांगायचे. "कोन्या लॉजमंदी उतरले होते काय?"

"अन् त्यायच्या बायकायले कोनी इचारलं होतं काय?" भूमेश्वरीबाई उत्तर द्यायच्या.

भूमेश्वरीबाई म्हणजे गुरुजींची बायको. त्यांना दम्याचा त्रास होता. थंडी पडली की छाती भरायची. तरीही फिरायची हौस त्यांनाच जास्त होती. मी आले तेव्हा सगळं गाव हसत होतं. त्यांनी मात्र माझ्या टपावर हात ठेवून "माही गाडी" म्हटलं होतं.

फुकट मुक्कामाचं गुरुजींनी एक शास्त्रच करून ठेवलं होतं. दिवस मावळायच्या आत जागा शोधायची, कारण अंधारात आलेल्या माणसाला कोणी उभं करत नाही. पेट्रोल पंपावर आधी डिझेल भरायचं आणि मग विचारायचं. धाब्यावर जेवायचं आणि तिथेच झोपायचं. शाळा दिसली की हेडमास्तरांना भेटायचं. एक निवृत्त मास्तर दुसऱ्या मास्तराला नाही म्हणत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बहुधा खरं निघायचं. निघताना जागा झाडून द्यायची. जिथे फुकट मुक्काम झाला त्या गावाचं नाव ते माझ्या मागच्या दारावर आतून लाल रंगाने लिहायचे. रामटेक, अमरकंटक, पचमढी, अशी कितीतरी नावं माझ्या दारावर जमली.

कधी फजितीही व्हायची. एकदा एका मोठ्या मोकळ्या मैदानात आम्ही ऐसपैस झोपलो. सकाळी गुरुजींनी दार ढकललं तर ते उघडेना. बाहेर आठवडी बाजार भरला होता आणि वांग्यांची पोती माझ्या दाराला टेकवून ठेवली होती. माझ्या बॉनेटवर एक बाई मिरच्या मांडून बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. भूमेश्वरीबाई हसून हसून बेजार झाल्या. शेवटी तिच्याकडून पावशेर मिरच्या घेतल्या, तेव्हा ती उठली.

दहा वर्षं अशी गेली. मी सुखी होते. पण मित्रांनो, आज काही झाकायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. केवळराम बौद्ध होता. गुरुजी त्याला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. शाळेत त्यांनी सगळ्या मुलांना एका ओळीत बसवलं होतं, ही गोष्ट ते केवळरामलाच अभिमानाने सांगायचे. पण जेवायच्या वेळी केवळरामचं ताट वेगळं असायचं. ते ताट माझ्या केबिनमध्ये, त्याच्या सीटमागे खोचलेलं असायचं, आणि ते तोच धुवायचा. याबद्दल कोणी बोलत नसे. मीही त्याला सरावले होते.

२००९ च्या डिसेंबरात आम्ही मार्कंड्याचं देऊळ बघून परत निघालो. भूमेश्वरीबाईंना नवेगाव बांधच्या तलावावरचे पाहुणे पक्षी सकाळी बघायचे होते. म्हणून अर्जुनी मोरगाव मागे टाकून आम्ही दिवस मावळायच्या आत तलावाच्या काठी आलो. केवळरामचं घर जवळच होतं. तिथे त्याची विधवा बहीण ललिता राहायची. गाडीचा आवाज ओळखून ती तलावावर आली.

त्या संध्याकाळी पाण्यावरून असा वारा येत होता की माझ्या काचा थरथरत होत्या. भूमेश्वरीबाईंना खोकल्याची उबळ थांबत नव्हती.

"बाई, इथं काऊन झोपता जी? आमच्या घरी चाला," ललिता म्हणाली. "खोली रिकामीच आहे. गोरसी पेटवून ठेवली आहे."

गोरसी म्हणजे निखारे ठेवायची मातीची शेगडी. आपल्या भागात थंडीत ती घरोघरी असते.

भूमेश्वरीबाई लगेच उठल्या. शाल गुंडाळून त्या पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ ना जी. मले लय थंडी वाजून राहिली."

मी गुरुजींकडे बघत होते. हा माणूस दहा वर्षं फुकट जागेसाठी पंपवाल्यांची आर्जवं करत आला होता. आज जागा स्वतः चालून आली होती. आत गोरसी होती, डोक्यावर छप्पर होतं, आणि भाडं नव्हतं. गुरुजी चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "कायले त्यायले तरास? आपली गाडी आहे ना."

ललिता दोन पावलं मागे सरली. केवळरामने मान खाली घातली. दोघांनाही खरं कारण कळलं होतं. भूमेश्वरीबाईंनाही कळलं असावं, कारण त्या पुन्हा काही म्हणाल्या नाहीत आणि आत येऊन फळीवर बसल्या. मला त्या क्षणी बोलता यायला हवं होतं. निदान चाक तरी पंक्चर करून घेता यायला हवं होतं.

थोड्या वेळाने ललिता परत आली, ती स्वतःच्या घरची गोरसी घेऊन. "ही तं ठेवा जी," एवढंच म्हणाली. ती गोरसी मात्र गुरुजींनी घेतली. केवळराम बहिणीबरोबर घरी गेला.

गोरसी आधी बाहेर ठेवली होती. वारा निखारे टिकू देईना. मग गुरुजींनी ती उचलून आत आणली, दोन फळ्यांच्या मध्ये ठेवली, आणि सगळी दारं खिडक्या नीट लावून घेतल्या. मित्रांनो, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, कारण जन्मभर त्यांच्या घरात असंच चाललं होतं. पण आपल्या घरांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, असतात. कवेलूंच्या फटींतून घर श्वास घेतं. रात्रभर निखारे जळले तरी काही होत नाही. मला कवेलू नव्हते. मी पत्र्याची, आणि माझी प्रत्येक फट त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवलेली. धूर नव्हता, वास नव्हता. आत छान ऊब आली. भूमेश्वरीबाईंचा खोकला हळूहळू कमी झाला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "पाह्य, आराम पडला."

मी तेवढ्यावरच थांबते. नंतरच्या तासांत त्यांचा श्वास कसा कसा होत गेला ते मला माहीत आहे, पण तुम्हाला सांगणार नाही.

उजाडताच केवळराम आल्याच्या चहाची किटली घेऊन आला. त्याने हाका मारल्या. दार वाजवलं. मग किटली टाकून दिली, काठावरचा दगड उचलला आणि माझी मागची काच फोडली. मला झालेली ती एकमेव जखम, आणि ती मी कधीची मागत होते. गुरुजी वाचले. भूमेश्वरीबाई वाचल्या नाहीत. तलावावर तेव्हा पक्षी उतरत होते.

गुरुजींनी त्यानंतर मला या करंजीखाली उभं केलं. त्यांचा मुलगा तिलक मला भंगारात द्यायला निघाला, तर त्यांनी देऊ दिलं नाही. फुटलेली काचही बसवू दिली नाही. रबराच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून नखांनी खरवडून काढल्या. दारावर नवेगाव बांधचं नाव त्यांनी लिहिलं नाही. संध्याकाळी ते आत येऊन आपल्या फळीवर बसायचे. समोरची फळी रिकामी असायची. तिच्याकडे बघून ते हळूच म्हणायचे, "ऊठ, चाल. जाऊ ललिताच्या घरी. थंडी आहे."

आणि मग तो खोकला यायचा. फुटक्या काचेतून वारा शिरतो, त्याचा तो आवाज आहे, असं मी स्वतःला समजावते. पण वारा पडलेला असतानाही तो येतो. गुरुजींनाही तो ऐकू यायचा. ते थांबून वाट बघायचे, त्या उठतील म्हणून. मी पत्र्याची गाडी, मला कसली भीती, पण त्या वेळी मला भीती वाटायची. भूमेश्वरीबाईंची नाही. त्या उत्तर देणार नाहीत याची.

पुढच्या डिसेंबरात गुरुजींनी केवळरामला निरोप पाठवला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो आला, बॅटरी बसवली, आणि स्टिअरिंगवर बसला. माझा शेवटचा प्रवास तोच. आम्ही नवेगाव बांधला पोहोचलो. या वेळी केवळरामने मला तलावाकडे नेलं नाही. बहिणीच्या अंगणासमोर आणून उभं केलं.

ललिता दारात आली. गुरुजी खाली उतरले. जन्मभर मुलांना धडे सांगितलेला माणूस, आता हात जोडून उभा राहिला. शेवटी म्हणाले, "एक रात ठेवता काय, बाई?"

ललिताने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"अंथरून तं त्या दिवशीबी टाकून ठेवलं होतं, जी. दोघायचं. आम्ही लय वेळ जागी होतो. थंडी वाढली तं याल, म्हणून."

गुरुजी उंबऱ्यावरच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग ललिताने त्यांना पाणी दिलं. ते प्याले. त्या रात्री ते त्या घरात जेवले आणि त्या घरात झोपले. मी बाहेर रिकामी उभी होते. पण रात्रभर माझ्या आत कोणीतरी शाल गुंडाळून पायरीवर बसलं होतं आणि त्या दाराकडे बघत होतं.

गुरुजी आता नाहीत. मी मात्र उरले आहे. मला धुवा, रंगवा, माझी चाकं मातीतून काढा, असं मी म्हणणार नाही. गंजणं मला मान्य आहे. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. बंद गाडीत, बंद खोलीत निखारे घेऊन कधी झोपू नका. दारं लावण्याआधी, मागे बसलेल्या माणसाला काय हवंय ते एकदा विचारा. आणि थंडीच्या संध्याकाळी कोणी दार उघडून "चाला" म्हटलं, तर ते दार कोणाचं आहे हे बघत उभे राहू नका. आत जा. बाईंनाही आत जायचं होतं.