चार ठोकळ्यांवरची होडी

मी एक होडी बोलतेय. सध्या मी एका घराच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी असते. इथून पाणी दिसत नाही. वारा फिरला की नुसता वास येतो, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

मी फायबरची. माझा जन्म साच्यात झाला. माणसाला आधी अंग येतं, मग कांती. माझं उलटं. मला घडवणाऱ्या काकांनी साच्याला आतून मेण चोळलं, त्यावर निळा रंग चढवला आणि त्या रंगाला काचेच्या धाग्यांच्या चटया चिकटवत गेले. प्रत्येक थरावर रूळ फिरवायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही. म्हणजे मी आधी नुसता रंग होते. साच्यातून निघाले तेव्हाही बोटभर जाड नव्हते.

मला बघायला दोन भाऊ आले. धाकट्याने टिचकी मारली आणि म्हणाला, ही तर बादलीसारखी वाजते. थोरल्याने माझ्या पोटावरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी त्याची झाले.

पाण्यातल्या वर्षांचं काय सांगू? ती मला नीट आठवत नाहीत. झोपेत कुणी कूस बदलावी तशी मी लाटेवर कलायचे, आणि वर थोरला गळ टाकून तासन्‌तास गप्प बसायचा. धाकटा सोबत असला की बडबड. मासे पळतात म्हणून थोरला त्याला गप्प करायचा, आणि मग स्वतःच हसायचा.

मोसम संपला की थोरला मला बाहेर काढायचा. गोड्या पाण्याने धुवायचा, तळाचं बूच काढून ठेवायचा. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये लाकडी घोड्या होत्या, त्यांवर जुनी सतरंजी गुंडाळलेली. त्यांवर मला ठेवायचा, नाक चार बोटं वर, म्हणजे थेंबही साचू नये. आत काही म्हणजे काही नाही, वल्हीसुद्धा भिंतीला. धाकटा चिडवायचा, "दादा, तिला उशीपण दे." थोरला म्हणायचा, "पाणी तिला सगळीकडून धरतं रे. जमीन नुसती टोचते."

मग थोरल्याला ताप आला. तीन दिवस राहिला, आणि चौथ्या दिवशी घरात थोरला नव्हता. पाण्याने त्याला नेलं नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्यावर आळ नको.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याने मला किनाऱ्यावरून ट्रॅक्टरला बांधून इथे आणलं. शेडमध्ये जाऊन घोड्या काढायचं त्याला जमलं नाही. हाताशी सिमेंटचे चार ठोकळे होते, त्यांवर मला टेकवलं. मग तो घरात शिरला आणि थोरल्याच्या वस्तू बाहेर आणू लागला. सदरे, बूट, दाढीचं सामान, हत्यारांची पेटी, माझं इंजिन, माझा नांगर, आरामखुर्ची. दिसेल ते त्याने माझ्यात भरलं. वहिनीला हे रोज डोळ्यांसमोर नको, असं तो पुटपुटत होता. वहिनी तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती. वर प्लास्टिक ओढून त्याने दोरी अशी आवळली की वाऱ्यालाही वाट राहिली नाही.

त्या अंधारात मला स्वप्नं पडायची. प्लास्टिकला आतून घाम सुटे आणि थेंब टपकत, आणि मला वाटे वल्ही चालताहेत. पायाशी बूट, मध्ये सदरे, वर टोपी. थोरलाच आडवा पडलाय असं वाटे. मी त्याला हळूच झुलवायला जायचे, पण खाली पाणी नसे. खाली ठोकळे होते, आणि ते माझ्या पोटात घुसत होते.

धाकटा रोज दुपारी यायचा, माझ्या अंगाला पाठ लावून बसायचा. दोरीची गाठ चाचपायचा, सोडायचा नाही. थंडी पडली तेव्हा वहिनीने थोरल्याचा जाड स्वेटर मागितला. खाली कुठेतरी दबलाय, सापडायचा नाही, असं धाकट्याने सांगितलं. ती तशीच आत गेली.

मग एकदा साच्यावाले काका भेटायला आले. घरात जायच्या आधी सवयीने त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. हात अडखळला. त्यांनी धाकट्याला हाक मारून त्याचा तळहात तिथे ठेवला. दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टक्‌ आवाज आला.

"खळगा पडलाय. अजून चीर नाही," काका म्हणाले. "आज रिकामी कर. नाहीतर फुटेल."

"आत दादाचं सामान आहे."

"मग घरात ठेव."

"घरात वहिनी आहेत."

वहिनी मागच्या दारातच होती. "मी आहे म्हणून?" ती म्हणाली. "भाऊजी, मला विचारलंत कधी? उशीला त्यांचा वास होता. तुम्ही अभ्रासुद्धा काढून नेलात."

धाकट्याने गाठ सोडलीच नाही, सुरीने दोरी कापली. वस्तू एकेक करून बाहेर आल्या. सदऱ्यांवर बुरशीचे ठिपके होते. अभ्रा अगदी तळाशी सापडला, ओला. वहिनीने तो नाकाशी धरला, बराच वेळ. मग मान हलवली. प्लास्टिकचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. धाकटा तिथेच मातीत बसला. तिने अभ्रा पिळला, दोरीवर टाकला आणि त्याला म्हणाली, "उठा. सदरे बाकी आहेत. एकट्याने वाळत घालू का?"

त्याच दिवशी शेडमधून घोड्या आल्या. शेजारच्या चौघांनी मला उचललं. आता माझं नाक वर आहे, बूच काढलेलं आहे, अंगावर कापड सैल आहे आणि पोटात काही नाही. मला स्वप्नं पडत नाहीत. त्या स्वप्नांची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडे कुणाची होडी राहिली असेल तर तिला भरू नका. रुंद, मऊ आधार द्या, वारा खेळू द्या. आणि घरात जे कुणी उरलंय, त्याला आधी विचारा.

खळगा ऊन खाऊन आपोआप वर येईल, नाहीतर तसाच राहील, असं काका सांगून गेलेत. रोज संध्याकाळी दोघं येतात आणि तळहात ठेवून बघतात. कालच्यापेक्षा कमी झालाय, असं धाकटा म्हणतो. वहिनी म्हणते तेवढाच आहे, तुमचा हात कुठेय आणि खळगा कुठेय. मग ती त्याचा हात धरून चार बोटं डावीकडे सरकवते, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.