पांढऱ्या साड्यांची बाग

वणीला मी भांडायलाच गेले होते. नेरहून निघताना पिशवीत वहिनीसाठी शेंगदाण्याचे लाडू घेतले होते, पण डोक्यात वादाची सगळी तयारी होती. माझी वहिनी कोकिळा, साठी ओलांडलेली, एकटी राहते. तिचा नवरा म्हणजे माझा दादा, धम्मरत्न, तो जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात वहिनी घरामागच्या बागेत पाय घसरून पडली आणि दुपारभर तिथेच पडून राहिली. लगेच पुण्याहून तिच्या मुलाचा, विक्कीचा, फोन. "आत्या, आई माझ्याकडे यायला तयार नाही. विषय काढला की बागेचं कारण सांगते. तू जाऊन बोल, तुझं ती ऐकेल."

चार कुंड्यांसाठी ही बाई जीव द्यायला निघाली की काय, म्हणून मला संताप आला होता. आयुष्य शाळेत मुलांवर ओरडण्यात गेल्यामुळे माझा आवाज तसाही चढाच असतो.

दादा कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. रिटायर झाल्यावर त्यानं घर घेतलं ते कुठे, तर कोळशाचे ट्रक दिवसभर जातात त्याच रस्त्याला लागून. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला वजनकाटा. या घरी मी याआधी आले होते ती फक्त दादाच्या मयतीला, आणि तेव्हा पुढच्या खोलीपलीकडे काही पाहायची शुद्ध कोणाला होती?

"चाल, मागे बसू," चहाचे कप हातात घेत वहिनी म्हणाली. तिनं स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि मी बोलायचं ते विसरून गेले.

चारही भिंतींना लागून करंज आणि कडुनिंब, एकमेकांत घुसून वाढलेले. त्यांच्या आत मोगरा, जास्वंद, गवती चहा, एक ठेंगणा चाफा. बरोबर मध्ये शेणानं सारवलेलं मोकळं अंगण, आणि त्यावर बांधलेल्या दोऱ्यांवर पांढऱ्या साड्याच साड्या. मे महिना, पण मोगऱ्याच्या वासानं जीव थंड झाला. वणीत असं काही असेल हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"इतक्या साड्या कोणाच्या वो, वहिनी?"

"वस्तीतल्या बायांच्या. उद्या बुद्धपौर्णिमा नाही का? विहारात पांढरं नेसून जा लागते. अन् पांढरं वाळवाव कुठी इथे? बाहेर दोरीवर टाकलं का घडीभरात काळे ठिपके." ती हसली. "दरसाल मी कुरकुर करो. म्हणून त्यायनं ही झाडं लावली. बाहेरच्या झाडायनं धूळ खायाची, आत साडी वाळली पाह्यजे. म्हणत, जिंदगीभर मी धूळ उडवली, आता थोडीशी अडवून पाहतो."

माझा भाऊ घरात पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नसे. त्यानं बायकोच्या एका साडीसाठी एवढं रान उभं केलं होतं. मला गहिवरून आलं, आणि पुण्याचा विषय मी जेवणानंतरवर ढकलला.

जेवून वहिनी आडवी झाली. मी भिंत आणि झाडं यांच्यामधल्या बोळीत शिरले, तर त्या बाजूनं पानं तव्याच्या बुडासारखी काळी! घाण मला बघवत नाही. म्हटलं, झाडं धुऊन काढू, वहिनी खूश होईल, मग बोलणंही सोपं जाईल. नळाला पाइप लावला, तोंडावर अंगठा दाबला आणि शेंड्यापर्यंत फवारा सोडला. पानं हिरवीगार निघू लागली तशी मला भलतीच ऐट आली.

"माय वो माय! हे काय करून राह्यल्या तुमी?"

मागच्या फाटकातून रुखमाबाई आत आली होती, शेजारच्या वस्तीतली. मी पाइप तसाच हातात धरून पानांपलीकडे पाहिलं. झाडांवरचं सगळं काळं पाणी साड्यांवर गळत होतं. एकही साडी वाचली नव्हती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बातमी फिरली, बाया आल्या. एक जण तोंड दाबून हसली, एक जण माझ्याकडे न बघता काहीतरी पुटपुटली. पण घमेली निघाली, सोडा आला, साबण आला आणि सगळ्या अंगणात बसून पुन्हा धुवायला लागल्या. मीही बसले. वहिनीनं एक भरलेली बादली उचलायला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून मटकन खाली बसली. रुखमाबाईनं बादली ओढून घेतली. वहिनी पडली त्या संध्याकाळी तिला उचलणारी हीच.

मला माझीच लाज वाटली. असली माणसं सोडून हिला मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन टाकणार होते? संध्याकाळी बाया साड्या वाळत घालून गेल्या आणि मी मनाशी पक्कं केलं.

"वहिनी, तू कुठीच जाऊ नको. विक्कीले मी पाहून घेतो."

ती मोगऱ्यापाशी बसली होती. "मी जातो, सत्या. माहं ठरलं. उद्याची पौर्णिमा झाली का जातो. फाटकाची चाबी रुखमाबाईपाशी राहीन."

"मग पोराले नाही काहून म्हणत होती?"

"हो म्हटलं असतं त दुसऱ्याच दिवशी न्याले आला असता. एक पौर्णिमा अजून पाह्यजे होती मले."

"पण वहिनी, दादानं तुह्यासाठी..."

"माहीत हाये मले." तिनं मोगऱ्याचं एक सुकलेलं फूल खुडलं. "त्या दिवशी मी इथेच पडली होती. लय आवाज देल्ले. टायरवाल्याचं पोरगं भिंतीपलीकडे मोबाइलवर बोलून राह्यलं होतं, मले ऐकू येत होतं. माहा आवाज त्याले गेला नाही. तुह्या दादाची झाडं लय दाट झाली, सत्या. मले भेव वाटते इथे आता."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात विक्कीचा फोन आला. "आत्या, काय म्हणाली आई?"

"येते म्हणाली."

"मला माहीतच होतं! तूच हे करू शकत होतीस."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. दादाच्या मयतीत रडले नव्हते तशी, मोठ्यानं. मग कोणी येईल, काय म्हणेल, म्हणून पदर तोंडात कोंबायला लागले. वहिनीनं तो हलकेच काढला.

"रडून घे," ती म्हणाली. "इथून कोणाले ऐकू जात नाही."