चादरीची दोन टोकं

चादरींच्या घड्या घालायला इंग्रजी कशाला, हे विचारायची सोय नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात कायमची जागा एकच आणि बाया दोघी, म्हणून साहेबानं तोंडी परीक्षा ठेवली. दोघी नापास झाल्या तर जागा जुन्या बाईला. जिला जागा मिळणार नाही तिला महिनाअखेर नारळ.

जुनी बाई म्हणजे वहिनी. दुसरी तिची धाकटी नणंद. घरी पाठांतराला वेळ कुठला? दोघी कामातच शिकल्या. चादरीची टोकं धरायची, वहिनीनं इंग्रजी शब्द म्हणायचा, चालत जवळ येऊन टोकाला टोक भिडलं की नणंदेनं अर्थ सांगायचा. ‘गिव्ह अप’ला चार चादरी लागल्या. विडी सोडणं, बसमधली जागा म्हाताऱ्याला देणं, पोलिसांच्या हवाली होणं, आशा सोडणं. नणंद म्हणाली, एका शब्दाचे चार संसार, आपल्याला एक निभेना.

साहेबानं वहिनीला आधी बोलावलं. आशा सोडण्याला इंग्रजीत काय म्हणतात आणि तो शब्द आणखी कुठे कुठे चालतो, असं विचारलं. “गिव्ह अप,” ती खणखणीत म्हणाली आणि गप्प झाली. अर्थ हजारदा ऐकलेले, पण जीभ समोरच्या आवाजाची वाट बघत राहिली. हात चादरीची टोकं धरल्यासारखे नकळत पुढे झाले. साहेबाला वाटलं, बाई दयेची भीक मागतेय. त्यानं फुली मारली आणि पुढचीला पाठवायला सांगितलं. माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा त्या दगडाचा समज होता.

बाहेर बाकावर नणंद बसली होती. पदरात दोन लेकरं, नवऱ्याचा पत्ता नाही. वहिनीच्या घरीही सोन्याचा धूर निघत नव्हता. शब्द कुणी दिल्याशिवाय हिची गाडी हलत नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. तोंड मिटून बसली असती तर जागा तिचीच होती.

“काय विचारतोय?” नणंदेनं विचारलं.

वहिनीनं भिंतीकडे बघितलं.

“वन्सं, शब्द गिव्ह अप. तो आधी तुम्हीच म्हणा, माझ्यासाठी थांबू नका. मग चारही अर्थ सांगून टाका.”

“आणि तुमचं काय, वहिनी?”

“माझं झालं. जा, पदर नीट घ्या.”

दार लोटलं गेलं. आतून पहिला शब्द यायला फार वेळ लागला. तो आल्यावर वहिनी उठली आणि निकालाला न थांबता चालू लागली. दुपारच्या आत वॉर्डातल्या चादरी पोचवायच्या होत्या.