घरातला आवाज

बाहेरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून, वाफारा घेतात तशी जाड रजई डोक्यावरून ओढून वेदवतीबाईंनी समोरच्या मोबाइलला सांगितलं, "परात." जरा थांबून पुन्हा सांगितलं, "परात."

रजई बाजूला करून त्या बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटले होते आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. उपेंद्र हेडफोन लावून ऐकत होता. त्यानं मान हलवली. होकाराची नव्हे.

"काय झालं आता?"

"मावशी, रागावू नका. तुम्ही कुजबुजताय."

"मी?" बाईंनी रजई पलंगावर भिरकावली. "अरे, शाळेत गणित शिकवलंय मी. मी फळ्यापाशी बोलले की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प बसायची!"

"कन्नडमध्ये," उपेंद्र म्हणाला.

तो काही टोमणा नव्हता. पण बाईंना तो टोमण्यासारखाच लागला.

उपेंद्र मूळचा नाशिकचा. म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑनलाइन मराठी शब्दकोशाचं काम फुकट करणारा. शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द माणसाच्या आवाजात ऐकू यावा, अशी त्या लोकांची कल्पना. स्वयंपाकघरातले शब्द वेदवतीबाईंनी मागून घेतले होते. पाठवलेले सगळे परत आले. शेरा एकच: आवाज अस्पष्ट. म्हणून आज तो स्वतः म्हैसूरच्या अग्रहारातल्या त्यांच्या घरी आला होता.

"आज मला ही यादी बंद करायची आहे," तो कॉफीचा पेला फिरवत म्हणाला. "मी काय म्हणतो, हे शब्द पुण्यातल्या एक ताई करतील. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ आहे. तुमच्यासाठी आपण वेगळा विभाग करू. दक्षिणेकडची मराठी. त्यात तुम्ही काहीही बोला, कसंही बोला."

"कसंही?"

"म्हणजे… तुमच्या पद्धतीनं."

बाईंनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. त्यात अजून दोन घोट कॉफी होती.

वेगळा विभाग! आयुष्यभर हेच ऐकत आलेल्या बाई. लग्नकार्याला महाराष्ट्रातून पाहुणे यायचे, तोंडाला पदर लावून हसायचे, वर म्हणायचे, "किती गोड बोलता हो तुम्ही!" गोड म्हणे. कोण कुठल्या पिढीत, कुणाच्या चाकरीला म्हणून ही माणसं म्हैसूरला आली आणि इथलीच झाली. रस्ता कन्नड झाला, शाळा कन्नड झाली, देवापुढची गाणीसुद्धा कन्नड झाली. तरी चूल मराठी राहिली. ती काय पाहुण्यांच्या करमणुकीसाठी?

आणि आता चूलही विझत आली होती. मुलगा विश्वेश वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेला. त्याला मराठीत विचारलं तर तो कन्नडमध्ये उत्तर द्यायचा. जेवायला बोलावलं तर "बंदे अम्मा", आलो म्हणून. बाई गेल्या की या घरातून परात, पळी, झारा सगळं जाणार होतं. भांडी राहतील, नावं जातील. निदान कुठल्यातरी मुलीनं कुठल्यातरी गावात त्या शब्दावर बोट ठेवावं आणि म्हैसूरच्या बाईचा आवाज तिच्या कानात जावा, एवढंच त्यांना हवं होतं. तेही वेगळ्या विभागात नव्हे. मधोमध, सगळ्यांच्या पंक्तीत.

पण उपेंद्र खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. त्यांनी स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकला. पडद्याआडून कुणी चोरून बोलावं तसा.

त्या तशाच उभ्या राहिल्या. आई आठवली. देवराज मार्केटात भाजीवाल्याशी मोठ्यानं कन्नडमध्ये हुज्जत घालणारी, आणि मध्येच वाकून कानाशी मराठीत पुटपुटणारी: जास्त सांगतोय, चल. पाहुण्यांसमोर मुलांना दटावायचं तर मराठीत, दात आवळून. दूध कमी आहे, कॉफी अर्धीच दे, हे मराठीत. उंबऱ्याबाहेर मराठी बोलायची ती दुसऱ्याला कळू नये म्हणून. कुणी कधी तोंड दाबलं नव्हतं. म्हैसूरनं तर नाहीच. ज्यानं त्यानं आपलं आपणच दाबलं, आणि पोरांनाही तेच शिकवलं.

"ऊठ," त्या उपेंद्रला म्हणाल्या.

"कुठे?"

"रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहा. त्या झेरॉक्सच्या दुकानापाशी."

"मावशी, तिथं रिक्षांचा आवाज—"

"तिथं रेकॉर्ड नाही करायचं रे शहाण्या. तिथं ऐकायचं. जा."

उपेंद्र गेला. बाई दारात येऊन पायरीवर उभ्या राहिल्या. रस्ता भर सकाळचा. समोरच्या ओट्यावर नरसिंहमूर्ती पेपर वाचत बसलेले. सगळी हयात या माणसाशी बोलण्यात गेली, पण त्यांच्यासमोर मराठीचं एक अक्षर कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पदर खोचला. तोंड उघडलं आणि नुसतीच हवा बाहेर आली.

पलीकडून उपेंद्रनं कानामागे हात धरला.

त्या हातानं त्यांचं डोकं फिरलं.

"परात!"

झेरॉक्सवाला बाहेर आला. एक रिक्षा हळू झाली. नरसिंहमूर्तींनी पेपर खाली केला.

"एनु वेदवतम्मा? यारन्न करीतिद्दीरी?" कुणाला हाका मारताय, असं त्यांनी विचारलं.

"यारन्नू इल्ला, मूर्तीगळे," कुणालाच नाही, असं म्हणून बाई मराठीवर आल्या. "आमची भाषा आहे ही. मराठी. आज जरा मोकळी सोडलीय."

कळलं की नाही कोण जाणे, पण मूर्तींनी मान डोलावली, चष्मा नीट केला आणि पुढचं ऐकायला बसले.

"पळी! झारा! चाळण! उलथणं!"

एकेक शब्द रस्ता ओलांडून गेला. फळ्यापाशी निघायचा तोच आवाज. कुठलाही विभाग त्याला पुरला नसता. उपेंद्र कानामागचा हात कधीच काढून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग तो रस्ता ओलांडून धावतच आला.

"हाच, मावशी! हाच आवाज. चला आत, घसा गरम आहे तोवर सगळी यादी करून टाकू."

"आणि तुझ्या पुण्याच्या ताई?"

"त्यांना दुसरी यादी देतो."

तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली. विश्वेश चप्पलही न घालता खाली आला होता. चेहरा लाल. तो आईच्या अगदी जवळ आला, नरसिंहमूर्तींकडे पाठ केली आणि ओठ न हलवता कानाशी मराठीत म्हणाला,

"अम्मा, लोक बघतायत."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालास?"

"लोक बघतायत म्हटलं." आणखी हळू.

"ऐकू येत नाही."

विश्वेशनं उपेंद्रकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. तो आत पळेल असं उपेंद्रला वाटलं. पण बाई पायरीवर वाट अडवून उभ्या होत्या, आणि घाई नसल्यासारख्या.

"लोक बघतायत, अम्मा!"

समोर नरसिंहमूर्तींनी पेपर बाजूला ठेवला.

"बघू देत," वेदवतीबाई म्हणाल्या. रजई उचलायला आत वळता वळता त्यांनी त्याला सांगितलं, "येताना वरून तुझी खुर्ची घेऊन ये. रजईत दोघं मावतील."