पाठ नसलेला झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. पदवी मिळाल्यावर मुलं-मुली अंगावर चढवतात ना, तसला. पण मी आजवर एकाही पदवीदान समारंभाला गेलेलो नाही. माझा जन्म एका फोटो स्टुडिओसाठी झाला आणि आयुष्य तिथल्या खुंटीवर गेलं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला मला फार जड जाईल. मला पाठ नाही.

खरंच नाही. समोरून बघाल तर मी ऐटदार आहे. रुंद बाह्या, गळ्याला तांबडी पट्टी, पायघोळ घेर. मागे मात्र दोन नाड्या लोंबतात, बस्स. ज्याने मला घातलं असेल त्याचे रोजचे कपडे मागून तसेच दिसतात.

याला कारण आमचे फोटोकाका. स्टुडिओ त्यांचा. गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना फोटोकाकाच म्हणतात. दुकानात पडदे लावून झाल्यावर थोडं काळं कापड उरलं होतं, ते घेऊन काका शेजारच्या शिंप्याकडे गेले.

"एवढ्यात झगा होणार नाही," शिंपी म्हणाला. "पाठीला कापड कुठून आणू?"

"अरे, पाठीचा फोटो कोण काढतं?" काका म्हणाले.

दोघंही खो खो हसले आणि मी तयार झालो. माझ्या जोडीला पुठ्ठ्याची चौकोनी टोपी आली. हातात धरायला पदवीची गुंडाळी हवी, म्हणून काकांनी मागच्या वर्षीचं कॅलेंडर गुंडाळून त्याला लाल फीत बांधली. जाडी माणसं यायची तेव्हा माझ्या नाड्या सैल सोडत. कोणी बारीक असलं की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून मला आवळत. समोरून मी सगळ्यांना अगदी मापात बसायचो.

माझे सुरुवातीचे दिवस फार थाटाचे होते. समारंभाची फी वेगळी, तिथल्या झग्याचं भाडं वेगळं, शिवाय आईबापांना कामावरून सुट्टी मिळायची मारामार. ज्यांना हे सगळं झेपत नसे, ती माणसं आमच्याकडे येत. निकाल लागले की दुकानाबाहेर रांग लागायची. आया मला हात लावण्याआधी आपले हात पदराला पुसायच्या. एका आजोबांनी तर माझी बाही डोळ्यांना लावली होती. कॅमेऱ्यामागून काका सांगायचे, "हनुवटी वर! आता तुम्ही मोठी माणसं झालात!" आणि मला वाटायचं, यांना मोठं करणारा मीच. इतका फुशारून गेलो होतो की मला पाठ नाही, हेच मी विसरलो.

मग एके दिवशी ती आली.

तिचे वडील पलीकडच्या चौकातल्या एका मोठ्या ऑफिसच्या फाटकावर पहारेकरी होते. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून ते तिला 'साहेब' म्हणत. "साहेब, डबा घेतला का? साहेब, केस नीट बांधा." त्या दिवशी ती कॉलेजात पहिली आली होती. वडील गणवेशातच आले होते. तिने मला घातलं, काकांनी मागून चिमटे लावले आणि वडील दोन पावलं मागे सरून बघतच राहिले.

"साहेब, एक दिवस तुम्ही आमच्याच फाटकातून आत जाणार," ते म्हणाले. "आणि मी असा कडक सलाम ठोकणार की पोटावरचं बटण तुटेल."

"बाबा, हसवू नका ना, फोटो हलेल," ती म्हणाली.

फोटो हलला नाही. इतका सुंदर आला की काकांनी तो चांगला हातभर मोठा करून घेतला, तिचा चेहरा जरा उजळ केला आणि दुकानाच्या छोट्या दर्शनी काचेत लावला. वडील रोज ड्यूटीला जाताना काचेसमोर थांबत, बाहीने काच पुसत आणि मगच पुढे जात. माझी खुंटी उंच असल्यामुळे फोटोच्या वरून मला त्यांची टोपी आणि कपाळ दिसायचं. त्यावरूनच मला कळायचं की माणूस खुशीत आहे.

नंतरही ती येत राहिली, पण माझ्यासाठी नव्हे. नोकरीच्या अर्जांना लावायला छोटे फोटो लागत, त्यासाठी. आधी हसत यायची. मग नुसतीच यायची. कुठे अनुभव मागत, कुठे ओळख, तर कुठे इतका पगार सांगत की तो जाण्यायेण्याच्या बसलाच पुरला असता. वडिलांच्या फाटकाच्या आत तिला कोणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. शेवटी काकाच म्हणाले, "नोकरी लागेपर्यंत माझ्या काउंटरवर बस. तात्पुरतं."

मित्रांनो, हे 'तात्पुरतं' पाच वर्षं चाललं. पगार पहिल्या दिवशी ठरला, तोच राहिला. बाहेर मात्र काहीच जागेवर राहिलं नाही. गॅसचं सिलिंडर महागलं, दूध महागलं, तिच्या घरमालकाने भाडं वाढवलं. आधी ती डब्यात दोन भाज्या आणायची, मग एक आणायला लागली. काकांपाशी पगाराचा विषय काढला की ते म्हणायचे, "पुढच्या सीझनला बघू." काका काही वाईट माणूस नव्हेत. जो तो आपल्या फोनवर फोटो काढू लागला होता आणि दुकानाचं भाडं तर दरवर्षी वाढत होतं. म्हणून त्यांनी माझं भाडं वाढवलं. एकदा नाही, तीनदा. मी इथे खुंटीवर नुसता लटकत होतो आणि माझी किंमत वाढत होती. ती दिवसभर उभी राहून फोटो कापायची, कागद लॅमिनेट करायची, गिऱ्हाइकांची बोलणी खायची आणि तिची किंमत होती तिथेच. मला तिच्याकडे बघवेना.

तिला सगळ्यात जास्त जाचायचा तो काचेतला फोटो. गिऱ्हाईक येताना आधी फोटोकडे बघायचं, मग आत येऊन तिच्याकडे, मग पुन्हा बाहेर डोकावून फोटोकडे. "या तुम्हीच का हो?" असं कोणी विचारलं की ती खाली वाकून कात्री शोधायची. एकदा तिने काकांना फोटो काढून टाकायला सांगितलं. काका म्हणाले, "अगं, त्याच्यावरच तर चार गिऱ्हाइकं येतात. आणि तुझ्या वडिलांना काय सांगू?" ती परत फोटो कापायला बसली.

आणि मग तो दिवस आला. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलगी बारावी झालेली. एका खासगी कॉलेजाची फी भरावी की नाही, या विचारात दोघी होत्या. दुकानात शिरतानाच बाईंची नजर काचेतल्या फोटोवर खिळली होती. काउंटरमागे बसलेली ती आता चष्मा लावायची, चेहराही ओढलेला होता, त्यामुळे बाईंनी तिला ओळखलं नाही.

"काय गोड मुलगी आहे हो," बाई म्हणाल्या. "काय करते आता?"

तिने मान वर केली नाही. "मोठ्या ऑफिसात असते," ती म्हणाली.

"बघ!" बाई लेकीला म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? मशीन विकू, पण फी भरू. पोटाला चिमटा काढू थोडे दिवस."

दोघी आनंदात निघाल्या आणि मला दारात तिचे वडील दिसले. ती डबा घरी विसरली होती, तो द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डबा काउंटरवर ठेवला, टोपी नीट केली आणि गेले. "बाबा," तिने हाक मारली, पण ते वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वरून वाट बघत होतो. टोपी दिसली, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. वडील खाली मान घालून भराभर निघून गेले. काचेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपल्याच स्वप्नापायी लेकीवर खोटं बोलायची वेळ आली, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. त्यानंतर रोज ते पलीकडूनच जाऊ लागले. ते गेले की ती दारापर्यंत यायची आणि परत जागेवर जाऊन बसायची. मला वाटायचं, आपल्याला कोणी खुंटीवरून काढून चिंध्यांच्या पेटीत टाकलं तर बरं होईल.

आठवडा गेला असेल नसेल, शिवणकामवाल्या बाई पुन्हा आल्या. प्रवेशअर्जासाठी लेकीचे छोटे फोटो हवे होते. बाईंच्या चेहऱ्यावर दगदग होती, पण उत्साहही होता. "मशीनला गिऱ्हाईक आलंय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घेऊन जाणार आहे. एकच मशीन आहे, पण असू दे. होईल काहीतरी."

तिच्या हातातली कात्री थांबली. काका आत कॅमेऱ्यापाशी होते. ती खुर्चीवर चढली, मला खुंटीवरून काढलं, अंगात घातलं, हात मागे नेऊन चिमटे कसेबसे अडकवले आणि पुठ्ठ्याची टोपीही डोक्यावर ठेवली. चष्मा काढून बाईंसमोर उभी राहिली.

"मावशी, नीट बघा. त्या फोटोतली मुलगी मीच आहे."

बाई दाराबाहेर डोकावून फोटोकडे आणि परत तिच्याकडे, असं आळीपाळीने बघू लागल्या. आणि मग, मित्रांनो, तिने पाठ फिरवली.

इतकी वर्षं मी हे लपवलं होतं. जुने विरलेले कपडे, वाकडे लागलेले चिमटे, लोंबणाऱ्या नाड्या, सगळं त्या मायलेकींसमोर उघडं पडलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "याला पाठच नाही!"

"नाही," ती म्हणाली. "मी ऑफिसात नाही, मावशी. पाच वर्षं इथेच आहे. मागच्या वेळी तुमच्याशी खोटं बोलले, कारण मला लाज वाटली."

बाई बाकड्यावर टेकल्या. त्या म्हणाल्या, "मग काय करू? पोरीला माझ्यासारखंच खाली मान घालून शिवत बसू देऊ?"

"नाही हो, शिकवा. शिकल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण मशीन विकून नको. सरकारी कॉलेजात फी कमी आहे, तिथे बघा. आणि कुठेही पैसे भरण्याआधी विचारा, की तुमच्याकडून शिकून गेलेल्या मुली आज काय करतात. नुसता फोटो बघून परत येऊ नका."

लेकीने आईचा हात धरला. ती आईला म्हणाली, "आई, त्या गिऱ्हाइकाला नाही सांग. चल." दोघी घाईघाईने गेल्या. छोटे फोटो काढायचे राहूनच गेले.

काका आतल्या दारात उभे होते. गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून ते रागावतील असं मला वाटलं. पण आधी तीच बोलली. माझे चिमटे काढता काढता म्हणाली, "काका, या झग्याचं भाडं तीनदा वाढलं. माझा पगार?"

नेहमीचं "पुढच्या सीझनला" काकांच्या ओठांवर आलं असावं, कारण तोंड उघडून त्यांनी ते परत मिटलं. मग ते काचेपाशी गेले, तो हातभर फोटो खाली उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. पुढच्या महिन्यात तिचा पगार वाढला. फार नाही. वाढलेल्या घरभाड्यालाही ती वाढ पुरत नाही, हे ती बोलून दाखवते आणि काका खाली मान घालून ऐकतात.

पण फोटो उतरवला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ तुम्हाला सांगायची राहिली. वडील पलीकडून चालले होते. सवयीने नजर इकडे वळली आणि ते थबकले. फोटो जागेवर नव्हता. काय झालं ते बघायला ते रस्ता ओलांडून आले आणि काचेला नाक लावून आत डोकावले. इतकी वर्षं त्या फोटोने काच झाकली होती. आता तिच्यातून थेट काउंटर दिसत होता. तिथे चष्मा लावून, जुन्या कपड्यांत, ती फोटो कापत बसली होती.

तिने वर पाहिलं. वडिलांनी काच बाहीने पुसली. मग दोन पावलं मागे सरून ते ताठ उभे राहिले आणि भर रस्त्यात त्यांनी तिला कडक सलाम ठोकला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ हलले ते मला कळले. "साहेब."

ती तोंड फिरवून रडली. मग कात्री हलवून त्यांना दटावलं, "जा ना, उशीर होईल ड्यूटीला!"

मित्रांनो, मी आता विटलो आहे. माझी तांबडी पट्टी उसवली आहे. मला जपा, असं मागायला मला तोंड नाही. पण मला घालायला कोणी आलं आणि तुम्ही त्याचं कौतुक करायला जमलात, तर फोटो निघाल्यावर लगेच पांगू नका. चिमटे काढताना त्याच्या मागे येऊन उभे राहा. तो उद्यापासून कुठे जाणार, काय खाणार, हे त्याला विचारा. आणि पाच वर्षांनी तो तुम्हाला एखाद्या काउंटरमागे दिसला, तर फोटोकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.