फडक्यातला सांबार

चपला घालून कुणी स्वयंपाकघरात आलं असतं, तर इंदूबाईंनी एकवेळ सोसलंही असतं. पण नात न विचारता आली, भाजीच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, काचेची नळी बुडवली आणि वर "आजी, सरक थोडी" म्हणाली, हे मात्र त्यांच्या टाळक्यात गेलं.

"पाह्य वो उज्ज्वला," त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला म्हणाल्या, "नागपूरले शिकाले धाडली, तं माया गंजाची झडती घेऊन राह्यली. पोलीस झाली का काय?"

"आजी, चार पोरी दवाखान्यात हायेत," उर्वशी म्हणाली.

"माया हातच्या जेवणानं नाही."

सगळं अडलं होतं ते इथेच. दारव्ह्याच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर अकरा वर्षं इंदूबाईंकडे होतं. त्यांच्या सासूच्या काळी याच गावात त्यांच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. आज सगळ्या समाजांतल्या साठ मुली त्यांचा रस्सा बोटं चाटून खात. मंगळवारी अंड्यांचा रस्सा झाला आणि बुधवारी चौघी आडव्या पडल्या. आज गुरुवार. मुलींसाठी खिचडी बाहेरून आली होती, चुलीवर शिजत होतं ते फक्त इंदूबाई आणि उज्ज्वलापुरतं. अधीक्षक कुंदाताईंनी निरोप धाडला होता : शनिवारच्या बैठकीपर्यंत कारण सापडलं नाही, तर स्वयंपाकघर दुसऱ्याकडे. गावातही कुजबुज सुरू झाली होती, की शेवटी हात कुणाचा, तेही पाहायला नको का?

ते 'हात' इंदूबाईंच्या काळजाला लागलं होतं.

"झडती घ्याची तं अर्धी नको घेऊ," त्या पदर खोचत म्हणाल्या. "उज्ज्वला, मंगळवारचं सगळं पुन्हा मांड. त्याच ट्रेमधले अंडे, तेच पाणी, तसाच रस्सा. कोणाले खाऊ द्याचं नाही, नुस्तं ताट वाढून तपासाचं. अन् तू सांग, तुया बाटलीत काय हाय?"

उर्वशीने नागपूरच्या प्रयोगशाळेतून आणलेली बाटली उजेडात धरली. आत धुक्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"यात बारीक बारीक थेंब हायेत, आजी. एकेक थेंब दोन तेलांचा. जड तेल खाली, हलकं वर, म्हणून सगळे सरळ उभे. यांच्या अंगावर पकड लावली हाय, एकाच जंतूसाठी. तो आला की थेंब त्याले धरतात, कलंडतात अन् निळ्या दिव्याखाली चमकतात."

"अन् नसला तं?"

"तं अंधारच."

"चुकत नाहीत?"

"चुकतात कधी. म्हणून एकेक नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडणार हाय. पण रस्ता हे दाखवतात."

"उज्ज्वलाचे हात बी तपास," इंदूबाई म्हणाल्या.

"घ्या! आता मीच उरली होती," उज्ज्वला पुटपुटली, पण तिने हात पुढे केले.

सगळं पुन्हा रांधून झाल्यावर उर्वशीने एकेक नमुना काचेच्या डबीत घेऊन त्यात बाटलीतले थेंब मिसळले. कोठीच्या खोलीचं दार लावलं, फटीला पोतं लावलं. दोन तास वाट पाहून उर्वशीने निळा दिवा लावला. पाण्याची डबी, अंधार. उज्ज्वलाचे हात, अंधार. चुलीवरून उतरवलेला रस्सा, अंधार.

इंदूबाईंची मान ताठ झाली. "सांगतलं होतं का नाही?"

शेवटी इंदूबाईंनी नेहमीसारख्या वाढलेल्या ताटातला रस्सा. दिव्याखाली डबीत हिरवट ठिपके उमटले. एक, दोन, मग मूठभर.

गंजात नाही आणि ताटात आहे, मग मधे झालं काय? मधे एकच गोष्ट होत असे. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. जुडी ताजी चिरून, रस्सा उतरल्यावर, ताटावर. ते काम इंदूबाई कुणाला करू देत नसत. त्यांच्या रश्श्याची ओळखच ती होती. आणि जुडी दोन दिवस टवटवीत राहावी म्हणून त्या ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. त्याच फडक्याने रोज सकाळी अंड्यांवरची घाण पुसत. अंडी पाण्यात घालू नयेत, पुसावीत, हे सासूने शिकवलं होतं. फडकं वेगळं ठेव, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"फडकं तपास," त्या म्हणाल्या.

पुन्हा दोन तास गेले. या वेळी अख्खी डबी उजळली.

उर्वशीने घाईघाईने दिवा विझवला. "आजी, जाळून टाकू ते. बैठकीत सांगू, अंडे खराब आलते. ते काही खोटं नाही."

इंदूबाईंनी दार उघडलं. दुपारचं ऊन आत आलं. क्षणभर त्यांना गावाची कुजबुज ऐकू आली, आणि सासूचा चेहराही दिसला. मग त्यांनी ते फडकं चिमटीत धरून पिशवीत टाकलं, गाठ मारली आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतले.

"उज्ज्वला, हा रस्सा खड्ड्यात पूर. आजपासून अंडे कागदानं पुसाचे अन् कागद चुलीत. सांबाराचं फडकं येगळं, रोज उकळून. अंड्याले हात लागला की साबण. मले बी ओरडाचं, म्हातारी म्हणून सोडाचं नाही."

मग त्यांनी उर्वशीला कुंदाताईंना फोन लावायला सांगितलं.

"ताई, चूक सापडली. उज्ज्वलाची नाही, माया हातची हाय. शनिवारची वाट पाहाची नाही. फडकं घेऊन आत्ता येऊन राह्यली. नात दिवा घेऊन येते, तुमच्या डोळ्यांनी पाहा. मंग स्वयंपाकघराचं काय ते ठरवा."

पलीकडून कुंदाताई म्हणाल्या, "या. मी थांबते."

उर्वशी खाली मान घालून डब्या आवरत होती.

"इकडं पाह्य," इंदूबाई म्हणाल्या. "न इचारता गंजात नळी घातली, ते तू बरोबर केलं. पण माया नाव झाकाले खोटं बोलाले निघाली, ते चूक केलं. चार पोरी आडव्या पडल्या, अन् तुले माया नावाची पडली? उचल तो दिवा. पुढं चाल."